गोदावरीत नक्की काय काय धुतलं जातं?

२०२७ चा सिंहस्थ जवळ यायला लागला तसे "एक डुबकी मारा, जन्माची पापं खल्लास" टाइपचे फॉरवर्ड सुरू झालेत. मी नास्तिक वगैरे नाही, रामकुंडात मीपण उतरते, पण गोदावरीच्या स्वतःच्या गोष्टी नीट ऐकल्या ना तर त्यात इतक्या स्वस्तात कोणीच सुटलेलं नाही.

गौतम ऋषींचंच बघा. दुष्काळात त्यांच्याकडे धान्य पिकत होतं, बाकीच्या ऋषींच्या पोटात दुखलं, शेतात मायेची गाय सोडली, यांनी हाकलायला दर्भाची काडी टाकली तर ती मेलीच. म्हणजे चक्क ट्रॅप! तरी गोहत्या ती गोहत्या, बसले ब्रह्मगिरीवर तप करत, मग शंकर प्रसन्न झाले आणि गंगा आली, तीपण हाताला लागेना, शेवटी दर्भाने अडवली ते त्र्यंबकचं कुशावर्त. म्हणजे आधी प्रायश्चित्त, नदी नंतर.

पंचवटीतल्या कपालेश्वराची तर मला जास्तच आवडते. ब्रह्मदेवाचं पाचवं डोकं उडवलं म्हणून खुद्द महादेवाला ब्रह्महत्या लागली, सगळीकडे फिरले पण सुटेना. मग एक वासरू दिसलं, त्याने मालक ब्राह्मणाला मारलं, पापाने काळं पडलं आणि गोदावरीत उतरून परत पांढरं झालं, तसे देवही त्याच्या मागोमाग पाण्यात. तो नंदी. गुरू झाला म्हणून त्याला समोर बसवलं नाही, त्या देवळात पिंडीपुढे नंदीच नाही. महादेवाला वाट दाखवणारा कोण, तर खुनी वासरू!

आणि जुन्या पद्धतीत पाप आधी जाणत्या लोकांपुढे तोंडाने सांगावं लागायचं, मग ते प्रायश्चित्त ठरवणार. इथेच राघोबादादा आठवतात. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं हे आपण शाळेपासून ऐकतोय. काशी नाही, रामेश्वर नाही, दानधर्म नाही, डायरेक्ट देहान्त. बरं दादांना गोदावरी काय लांब होती का, नाशिकजवळ आनंदवल्लीला वाडा, १७८३ मध्ये गेले ते कोपरगावला, म्हणजे परत गोदाकाठच. पाणी कायम दारात. पण 'हो, मी केलं' हे काही त्यांच्या तोंडून आलं नाही, आणि आपण अजून 'ध' चा 'मा' करत आनंदीबाईलाच धरून बसलोय.