आयसी बदलण्याआधी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत जुन्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. सोल्डरिंग आयर्न हातात धरायला याच शाळेने शिकवलं, म्हणून माझ्या वाट्याची ही जागा आज प्रयोगशाळेत बसणाऱ्या मुलामुलींसाठी.

विज्ञान प्रदर्शनासाठी हमखास जोडलं जाणारं सर्किट म्हणजे ५५५ टायमर या आयसीवर, म्हणजे छोट्या चिपवर, उघडझाप करणारा एलईडी. १९७२ साली बाजारात आलेली ही आयसी अजूनही सहज मिळते. ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहम आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्यावर एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकायला हवा. लुकलुकला नाही, की पहिला संशय आयसीवर जातो. बहुतेक वेळा ती निर्दोष असते. दोष आपल्या सोल्डरिंगमध्ये असतो.

आधी बॅटरी काढा, आयसीही बेसमधून, म्हणजे ती बसते त्या सॉकेटमधून, काढून ठेवा. मल्टिमीटर बीपवर लावून प्लस आणि मायनसमध्ये शॉर्ट, म्हणजे थेट जोडणी, आहे का पाहा. बीप वाजली तर झिरो पीसीबीच्या, म्हणजे भोकाभोकांच्या बोर्डाच्या, खाली दोन पॅड (भोकांभोवतीच्या तांब्याच्या चकत्या) सोल्डरने जुळलेत. मग भिंग घ्या. चांगला जोड चकचकीत असतो, पायाभोवती उतरत्या कडांचा, छोट्या डोंगरासारखा. करडा, दाणेदार किंवा गोळीसारखा वर बसलेला जोड म्हणजे ड्राय सोल्डर: पाय तापला पण पॅड गारच राहिला, नाहीतर सोल्डर थिजताना हात हलला. त्यावर नुसतं आयर्न टेकवून भागत नाही, कारण सोल्डर नीट पसरवणारा जुना फ्लक्स जळून गेलेला असतो. ताजी सोल्डर वायर किंचित लावा, पाय आणि पॅड मिळून दोन-तीन सेकंद तापवा, आणि थिजेपर्यंत बोर्डाला हात लावू नका.

बोर्ड उलटा केला की पिनांचा क्रमही उलटतो, हे ध्यानात असू द्या. आयसीची खाच वर ठेवली तर वरून डावीकडे दिसणारी १ नंबरची पिन खालून उजवीकडे येते.

आता आयसी बसवून बॅटरी जोडा. मीटर बेसवर नको, थेट आयसीच्या पायावर टेकवा. बेसमध्ये बसवताना दुमडलेला पाय असाच सापडतो. ८ आणि ४ नंबरच्या पिनांवर ९ व्होल्ट हवेत. ४ मोकळी राहिली असेल, तर बोट जवळ नेताच एलईडी वेडावाकडा वागू शकतो. ५ वर ६ व्होल्ट. एकत्र जोडलेल्या २ आणि ६ वर आकडा ३ ते ६ मध्ये चढत-उतरत राहतो. तो ९ कडे जाऊन तिथेच थांबला तर ७ नंबरच्या पिनेचा जोड सुटलाय: कपॅसिटर भरतो, पण रिकामा होत नाही. शून्यावरच बसून राहिला तर कपॅसिटरपाशी शॉर्ट शोधा.

एलईडी सलग पेटलेला दिसतोय? खोलीत अंधार करून बोर्ड झपकन आडवा हलवा. प्रकाशाची रेघ तुटक दिसली तर सर्किट चालू आहे, फक्त फार वेगात. रेझिस्टरचे पट्टे पाहा. निळा-करडा-नारिंगी म्हणजे ६८ किलोओहम. निळा-करडा-तपकिरी म्हणजे ६८० ओहम, आणि त्याने एलईडी सेकंदाला सुमारे ६१ वेळा लुकलुकतो. पिवळ्या बल्बखाली नारिंगी आणि तपकिरी हे दोन रंग सहज फसवतात.

ऐन प्रदर्शनात तुटते ती बॅटरीची वायर, तीही जोडाला लागूनच, जिथे सोल्डर आत शिरून ती ताठ झालेली असते. त्यासाठी बोर्डाच्या कडेला ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि वायर त्यातून ओवून मगच सोल्डर करा. ओढ बसली तरी ती भोकावर येते, जोडावर नाही.