जे. आर. स्मिथला निक्सने ठेवले, ते बरोबरच होते

राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठून एकट्याच्या जोरावर सामना फिरवणारा, पण कोणत्या दिवशी काय करून बसेल याचा नेम नसलेला खेळाडू करार संपल्यावर ठेवावा की जाऊ द्यावा, हा प्रश्न एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या संघापुढे उभा राहतोच. माझ्या मते त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २०१३ च्या जुलैत न्यूयॉर्क निक्सने जे. आर. स्मिथशी केलेला तीन वर्षांचा, सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरचा करार. पुढे जे घडले त्यावरून हा करार म्हणजे शुद्ध वेडेपणा होता असे म्हणण्याची रीत पडली आहे. मला ती पटत नाही. स्मिथला ठेवणे योग्यच होते; चुकल्या त्या त्याला ठेवताना घातलेल्या अटी आणि त्याच्याभोवती उरू दिलेली माणसे.

आधी त्याने काय करून दाखवले होते ते पाहू. २०१२-१३ च्या हंगामात तो ८० सामने खेळला, त्यांतल्या एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाच जणांत नव्हता, आणि तरीही त्याची सरासरी सामन्यामागे १८.१ गुणांची होती. त्या वर्षीचा ‘सिक्स्थ मॅन’, म्हणजे सर्वोत्तम राखीव खेळाडूचा, पुरस्कार त्याला मिळाला. निक्सकडून हा मान त्याआधी अँथनी मेसन (१९९५) आणि जॉन स्टार्क्स (१९९७) या दोघांनाच मिळाला होता. संघाने ५४ सामने जिंकले आणि १९९४ नंतर प्रथमच अटलांटिक गटात पहिला क्रमांक पटकावला. वसंतात सलग १३ सामने जिंकले तेव्हा स्मिथचा खेळ खरोखर बदललेला दिसत होता. लांबून तोल जात असताना चेंडू भिरकावण्याची खोड आवरून तो थेट बास्केटकडे घुसत होता.

आणि मग ते कोपर. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत, चार विजय आधी मिळवणाऱ्याच्या मालिकेत, बॉस्टनविरुद्ध निक्स २-० असे पुढे होते आणि तिसरा सामनाही खिशात पडल्यासारखा होता. चौथ्या सत्रात जेसन टेरी अगदी अंगाशी येऊन बचाव करत असताना स्मिथने चेंडू धरून वळता वळता कोपर फिरवले, ते टेरीच्या चेहऱ्यावर बसले, आणि स्मिथची मैदानाबाहेर रवानगी झाली. सामना निक्सने जिंकला, पण स्मिथवर एका सामन्याची बंदी आली. चौथा सामना निक्सने अतिरिक्त वेळेत गमावला आणि जी मालिका चार सामन्यांत आटोपली असती ती सहाव्यापर्यंत लांबली. बंदीवरून परतलेल्या स्मिथचा नेम मात्र पार बिघडला. पुढच्या फेरीत इंडियानाने निक्सला ४-२ असे घरी पाठवले. थोडक्यात, उन्हाळा सुरू झाला तेव्हा त्याचा पुरस्कार आणि त्याची लहर, दोन्ही व्यवस्थापनाच्या डोळ्यांसमोर ताजे होते.

इथे सॅलरी कॅपचे, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरील मर्यादेचे, गणित समजून घेतल्याशिवाय निकाल देता येत नाही. ‘इतक्या पैशांत दुसरा शहाणा खेळाडू आणायचा होता’ हा आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण तो दुसरा खेळाडू आणण्याची मुभाच निक्सला नव्हती. २०१३-१४ च्या हंगामाची पगारमर्यादा सुमारे ५ कोटी ८७ लाख डॉलरची होती आणि निक्स तिच्या फार पुढे, लक्झरी टॅक्सच्या (फार जास्त पगारांवर संघाने भरायच्या कराच्या) रेषेच्याही पलीकडे होते. अशा संघाला तेव्हा बाहेरच्या खेळाडूसाठी पहिल्या वर्षाला जेमतेम ३२ लाख डॉलरची सवलत किंवा किमान वेतनाचा करार, एवढेच दोन मार्ग उरत. स्मिथ मात्र निक्सकडे दोन हंगाम काढून बसला होता, त्यामुळे ‘अर्ली बर्ड’ हक्काखाली त्याला पगारमर्यादा ओलांडूनही लीगच्या सरासरी पगाराच्या आसपास देता येत होते. ही मुभा केवळ त्याच्यासाठी होती. तो गेला की तीही गेली. म्हणजे निवड स्मिथ की त्याच किमतीचा दुसरा कोणी अशी नव्हतीच, स्मिथ की जवळजवळ कोणीच नाही अशी होती. लक्झरी टॅक्सपोटी डॉलरमागे किमान दीड डॉलर आणखी मोजावा लागणार होता हे खरे, पण तो मालकाच्या खिशातून जाणार होता आणि निक्सच्या मालकांना पैशांची ददात कधीच नव्हती.

मग चुकले कुठे? अर्ली बर्ड हक्काखाली किमान दोन वर्षांचा करार करावाच लागतो, त्यामुळे दोन वर्षे समजण्यासारखी आहेत. पण तिसऱ्या वर्षाचा निर्णय संघाच्या हाती ठेवण्याऐवजी तो खेळाडूच्या हाती दिला गेला. ज्याच्या वागण्याची हमी नाही त्याला पुढच्या वर्षाचीही निश्चिंती देणे मला तरी उलटे वाटते. त्याच उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ ख्रिस यालाही संघात जागा मिळाली आणि तो हंगामभरात दोन सामन्यांत काही क्षण खेळला. लाडोबा करून ठेवणे म्हणतात ते हेच.

सर्वांत मोठी हानी मात्र कराराच्या कागदावर दिसत नाही. २०१२-१३ च्या संघात जेसन किड, रशीद वॉलेस, कर्ट थॉमस, मार्कस कॅम्बी अशी पिकली पाने होती. किड सोडला तर ती फारशी खेळत नव्हती, पण बाकावर स्मिथच्या शेजारी बसून त्याला एका शब्दात गप्प करू शकत होती. जुलै उजाडेपर्यंत किड आणि वॉलेस निवृत्त झाले होते, थॉमसला मोकळे केले होते, आणि कॅम्बीला अँड्रिया बार्ग्नानीच्या बदल्यात टोरंटोला पाठवण्याचे ठरले होते. स्मिथला ठेवले आणि त्याला धाकात ठेवणारे सगळे घालवले.

नंतरचे सर्वांना ठाऊक आहे. करारानंतर काही दिवसांतच गुडघ्यावर शस्त्रक्रिया, सप्टेंबरमध्ये अमली पदार्थविषयक नियम मोडल्याबद्दल पाच सामन्यांची बंदी, आणि जानेवारीत तो बुटांच्या नाडीचा प्रकार. डॅलसविरुद्ध फ्री थ्रोच्या वेळी त्याने शॉन मॅरियनच्या बुटाची नाडी सोडली. लीगने ताकीद दिली. दोनच दिवसांनी डेट्रॉइटच्या ग्रेग मन्रोच्या बुटाकडे हात गेला. ५० हजार डॉलर दंड झाला. त्यानंतरच्या मायामीविरुद्धच्या सामन्यात प्रशिक्षक माइक वुडसन यांनी त्याला एक मिनिटही उतरवले नाही आणि निक्सने सामना जिंकला. असा कठोरपणा ऑक्टोबरपासून दाखवला असता तर, असे राहून राहून वाटते. हंगाम ३७ विजय आणि ४५ पराभवांवर संपला.

जानेवारी २०१५ मध्ये निक्सने त्याला क्लीव्हलंडला देऊन टाकले आणि बदल्यात उपयोगी असे फारसे काही पदरात पडले नाही. तिथे संघाचा तारा लेब्रॉन जेम्स याच्या नजरेखाली तोच माणूस, त्याच सवयींसह, सुरुवातीच्या पाचांत खेळला आणि २०१६ मध्ये विजेता ठरला. तो सुधारला असे म्हणणे धाडसाचे होईल. २०१८ मध्ये त्याने सहायक प्रशिक्षकावर सूप फेकल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि त्याबद्दल एका सामन्याची बंदीही झाली. पण क्लीव्हलंडने त्याच्याकडून जे हवे ते घेतले आणि बाकीचे सोसले.

निक्सच्या जागी मी असतो तर दोन वर्षांचाच करार पुढे केला असता, फार तर तिसरे वर्ष संघाच्या मर्जीवर ठेवले असते. भावाची जागा किमान वेतनावरच्या एखाद्या मुरलेल्या गार्डला (चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूला) दिली असती. स्मिथने ते नाकारून दुसरीकडे तोलामोलाचा करार शोधला असता, तर त्याला जाऊ दिले असते. पण कोपराच्या त्या प्रकारानंतर आणि पुढे बिघडलेल्या नेमानंतर त्याला बाजारात फार मोठे गिऱ्हाईक मिळाले असते, असे मला वाटत नाही.