फळ्याचा उजवा कोपरा

स्मरणिकेसाठी लेख मागवताना संपादक मंडळाने विषयही सुचवले होते: शिस्त, संस्कार, स्नेहसंमेलन, सहल. माझं सांगणं 'सहल' या सदरात बसवून घ्यावं. आपल्या शाळेच्या सहली ओझर-लेण्याद्रीला गेल्या, शिवनेरीवर तर दरवर्षीच गेल्या. पण नव्वदच्या दशकात आमच्या विज्ञानाच्या सरांनी चार-पाच मुलामुलींना घेऊन पुण्याला व्याख्यान ऐकायला जायची प्रथा पाडली. तिची नोंद शाळेच्या कुठल्याही अहवालात सापडणार नाही, कारण एसटीचं भाडं सर स्वतःच्या खिशातून भरायचे.

पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था आहे. १९८८ साली जयंत नारळीकरांनी ती उभी केली. तिथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान असायचं. नारायणगावहून पहाटेची गाडी, शिवाजीनगरला उतरून पीएमटी, मग विद्यापीठाच्या फाटकातून चालत. सभागृहात शहरातल्या शाळांची इस्त्रीच्या गणवेशातली मुलं आधीच पुढच्या रांगा धरून बसलेली असत. आम्ही मागे. चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईनस्टाईन यांचे पुतळे आहेत, तिथे आम्ही डबे सोडले की मात्र त्याच मुलांची नजर आमच्या ठेच्याकडे वळे.

नारळीकरांचं व्याख्यान ऐकायला मिळालं तेव्हा आम्ही नववीत होतो. गोल्ड मेडलं, केंब्रिज, पद्मभूषण हे सगळं सरांनी एसटीतच सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात समोर आले ते अगदी साधे, आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ. त्यांची एक आठवण पुढे पुष्कळांनी वाचली असेल. बनारसच्या घरी त्यांचे मामा फळ्यावर एक अवघड गणित लिहून ठेवायचे, आणि ते भाच्याने सोडवेपर्यंत पुसायचं नाही असा दंडक होता. सूर्य पश्चिमेला उगवताना पाहिल्याची गोष्टही त्यांचीच. आम्ही खुर्चीच्या टोकावर आलो. विमान पश्चिमेकडे उडत असेल आणि त्याचा वेग खालच्या जमिनीच्या फिरण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल, तर नुकताच मावळलेला सूर्य पुन्हा वर येताना दिसू शकतो.

सोमवारी सरांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली आणि लिहिलं: 'ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानातून हे दृश्य जुन्नरवरून दिसेल का? नसेल तर कुठे जावं लागेल?' खाली ताकीद: पुसू नये. इतिहासाच्या बाईंना त्या कोपऱ्यामुळे पानिपतची मांडणी अरुंद जागेत करावी लागे आणि त्या कुरकुरत. पण त्यांनीही पुसलं नाही. शेवटी एका मुलीने ते सोडवलं. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने फिरते. आपल्या १९ अंश अक्षांशावर तो वेग जेमतेम १५८० वर येतो, म्हणजे विमान हरणारच. उत्तरेला सरकत गेलं की वर्तुळ लहान होतं, वेग उतरतो, आणि साधारण ५७ अंशांच्या पुढे विमान जिंकतं. कोसाइनचं कोष्टक तिने दहावीच्या मोठ्या भावाकडून शिकून घेतलं होतं. ती आज कुठे असते ठाऊक नाही. हा अंक तिच्यापर्यंत पोहोचला तर तिने शाळेला पत्र टाकावं.

व्याख्यानातला दुसरा भाग मला तेव्हा नीट कळला नव्हता, पण आज तोच जास्त मोलाचा वाटतो. विश्व एका महास्फोटातून जन्मलं, असं आपण पुस्तकात वाचतो. नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांना ते मान्य नव्हतं. १९६५ मध्ये आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरी सापडल्या, त्या महास्फोटाची उरलेली ऊब मानल्या गेल्या आणि तेव्हापासून बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. हे दोघे गेले नाहीत. १९९३ साली खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी विश्वाला अशी एकच सुरुवात न मानणारा आपला सुधारलेला पर्याय मांडला. सुटाबुटातला, सरकारने गौरवलेला माणूस शाळकरी मुलांसमोर उभा राहतो, बहुसंख्य तज्ज्ञ आपल्या बाजूचे नाहीत हे लपवत नाही आणि तरीही आपलं म्हणणं शांतपणे मांडतो, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. घरी, गावात, राजकारणात असं कोणी बोलताना ऐकलं नव्हतं. महास्फोटाची बाजू आज भक्कम आहे आणि मलाही तीच पटते. नारळीकरांबद्दलचा आदर त्यामुळे तसूभरही कमी झालेला नाही.

ते सही मागणाऱ्या मुलांना सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगत. सहीच्या लोभाने का होईना, आमच्या वर्गात प्रश्न शोधायची घाई उडाली. चांगला प्रश्न सापडणं उत्तर सापडण्याहून अवघड असतं हे तेव्हा लक्षात आलं. अर्ध्याहून अधिक कार्डं सरांनीच 'हे पुस्तकात आहे' म्हणून परत केली.

आता आपल्या दारातली गोष्ट. त्याच वर्षांत खोडदच्या माळावर जीएमआरटीच्या, म्हणजे आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या महाकाय दुर्बिणीच्या, तबकड्या उभ्या राहत होत्या. एकेक ४५ मीटर व्यासाची, एकूण ३०. त्यांतल्या १४ मधल्या भागात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरवर. या छत्र्या पाऊस पळवतात, अशी आमच्याकडे कुजबुज होती. त्यांचे कर्ते गोविंद स्वरूप. त्यांचं भाषण मी कॉलेजात असताना ऐकलं. भाषा हिंदी-इंग्रजी मिश्र, उत्साह विशीतल्या पोराचा.

त्यांची वाटचाल ऐकून मी चाट पडलो. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ काम संपलेल्या ३२ छोट्या तबकड्या, प्रत्येकी सहा फुटी, त्यांना भारतासाठी मिळाल्या. होमी भाभांनी बोलावून घेतल्यावर १९६३ मध्ये ते परतले आणि १९६५ साली त्याच तबकड्या कल्याणला मांडून सूर्याचा अभ्यास सुरू झाला. मग उटी. तिथे ११ अंशांच्या आसपास उतार असलेली टेकडी शोधली, कारण उटीचा अक्षांश तेवढाच. अशा उतारावर उत्तर-दक्षिण ठेवलेली ५३० मीटर लांबीची दुर्बीण पृथ्वीच्या आसाला आपोआप समांतर होते. एका आसाभोवती फिरवली की ती तासन्तास एकाच ताऱ्याचा माग काढते. डोंगराच्या चढणीकडून असं काम करून घेणारा माणूस! खोडदच्या तबकड्यांतही तीच काटकसर. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवर बारीक जाळी. रेडिओलहरी २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब, त्यामुळे बोट जाईल एवढी भोकं त्यांना दिसतही नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. अंदाजपत्रक कात्रीत सापडलं की मला हमखास ती जाळी आठवायची.

हल्ली शाळांत 'प्रेरणादायी' व्याख्याते बोलावतात. यशाची सूत्रं, टाळ्या, शेवटी सेल्फी. मला त्यांचा कंटाळा येतो. ज्याने आयुष्यभर एकच काम केलंय त्याने त्या कामाबद्दल बोलावं, अडलं कुठे तेही सांगावं, बाकी मुलं आपलं आपण घेतात. ११ फेब्रुवारी २०१६ ला गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, सापडल्याची घोषणा झाली. त्या ओळखण्याच्या गणिती पद्धतीवर आयुकातल्या संजीव धुरंधरांनी कित्येक वर्षं आधीपासून काम केलं होतं, तेव्हा लहरी सापडतील याची कोणी हमी दिलेली नव्हती. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ या लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची 'लायगो इंडिया' ही वेधशाळा होणार आहे. तिथल्या शाळांतल्या सरांचा मला आताच हेवा वाटतो.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. स्वरूप त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये.

सुवर्णमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून प्रवेशद्वाराला कमान बांधायचं घाटतंय, असं कळलं. कमान चांगलीच दिसेल. माझी वर्गणी मात्र मी वेगळ्या पाकिटात, गाडीभाड्यासाठी म्हणून मुख्याध्यापकांकडे दिली आहे. खोडदला २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, आपल्यापासून ते हाकेच्या अंतरावर. पुणंही आता तेवढं लांब राहिलेलं नाही. सोबत शिक्षक कमी पडले तर मी आहे, येईन.