करकर टेपची की मोटेची?

जुन्या टेपवरचा आवाज संगणकावर उतरवून देणं हा माझा छत्रपती संभाजीनगरातला धंदा. येतात त्या बहुतेक लग्नाच्या, नाहीतर कीर्तनाच्या कॅसेटी. अंबाजोगाईच्या एक ताई मात्र पाव इंची टेपची रिळं घेऊन आल्या. "आमच्या काकांची आहेत, दादा. भजनं असतील. खरखर तेवढी काढून द्या." काका पूर्वी अहमदाबादला नोकरीला होते म्हणे.

पहिलं रीळ लावलं तर जागोजाग सुटायला लागलं. सांध्यांच्या पट्ट्यांचा गोंद वाळून गेला होता, आणि सांधे तरी किती! तुटलेली टेप जोडताना काप तिरका घेतात, ४५ अंशांत, म्हणजे सांधा कानाला कळत नाही. इथं कितीतरी काप सरळ उभे. आवाज धाडकन सुरू, धाडकन बंद. खोक्यात चिठ्ठी होती: १९, ३८, ९.५, ७६. किराण्याचा हिशेब वाटावा. पण सेकंदाला साडेसात इंच वेग धरला तर एका सेकंदाला १९ सेंटिमीटर टेप लागते. ३८ म्हणजे दोन सेकंद, ९.५ म्हणजे अर्धा. काका फूटपट्टीवर लय मोजत होते!

अहमदाबाद म्हटल्यावर तिथली एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, आठवली. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी त्या संस्थेत मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ उभारला. संगीतकार गीता साराभाई आणि इतरांनी तिथं केलेल्या टेपा पुढं ब्रिटिश कलाकार पॉल पुर्गस यांना संस्थेच्या संग्रहात सापडल्या, २०२३ मध्ये प्रसिद्धही झाल्या. काकांच्या टेपवर मात्र मूगचा एक सूर नाही. जिनिंगचं इंजिन, उलटं वाजणारं संबळ, आणि लांबलचक करकर.

ही करकर दिवसभर पुरली. जुनी टेप यंत्राच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, घासली की अशीच किंचाळते. म्हणून वेग निम्मा केला. टेप स्वतः किंचाळत असती तर तिला वेगाचा हिशेब पाळायचं कारण नव्हतं. निम्म्या वेगाला टेपवर भरलेला आवाज उतरतो, तशी ही नेमकी एक सप्तक खाली उतरली. म्हणजे ती टेपवर मुद्दाम भरलेली, विहिरीवरच्या मोटेच्या चाकाची! नॉइज रिडक्शनचं, म्हणजे खरखर काढायचं, बटण दाबलं असतं तर अर्धी रचना गटारात गेली असती. आमच्या धंद्यात ते बटण जरा जास्तच लाडकं आहे.

ताईंना फोन केला. "खरखर काढत नाही, ताई. काकांनीच ठेवलीय."

"म्हणजे भजन नाहीच?"

"नाही."

त्या बराच वेळ हसत होत्या. शेवटच्या खोक्यात व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि संबळासाठी लिहिलेली रचनाही निघाली. स्वरांच्या बाजूला सेकंद मांडलेले. व्हायोलिनवाले लगेच तयार झाले. तुळजापूरच्या एका गोंधळ्यांना कागद वाचून दाखवला, तर मध्येच १२ सेकंद गप्प बसायचं ऐकून ते म्हणाले, "वाजवायचं बोला. गप्प बसायची सुपारी आजवर घेतली नाही."

पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत.