बॉनेटखालची साफसफाई आणि माझी फजिती

गाडी बाहेरून चकाचक ठेवणारी माणसं बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडतात, मीही त्यातलाच. एकदा असंच उघडलं तर आत सगळीकडे काळा चिकट थर, त्यावर धूळ, काचेखालच्या जाळीत पाचोळा. म्हटलं आज होऊनच जाऊदे, आणि नळाचा पाइप घेऊन सरळ आत धरला की हो!

गाडी सुरू झाली, पण पाच मिनिटांत मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळत, झटके देत चालायला लागलं. चेक इंजिनचा दिवा पण लागला. मेकॅनिकने स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइल काढून दाखवल्या, प्लगच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं. हवा मारून सुकवलं, नुकसान काही नाही झालं, पण त्याचं ते गालातल्या गालात हसणं अजून आठवतं.

आता मी पाण्याचा पाइप जवळ पण आणत नाही. इंजिन पूर्ण थंड किंवा अगदी कोमट झाल्यावरच हात घालायचा, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर केमिकल उडालं की जागच्या जागी वाळून डाग पडतो आणि धूर होतो तो वेगळाच. आधी पाचोळा हाताने काढतो, कारण तो कुजून पाणी जायची भोकं बुजवतो आणि मग पावसात पाणी केबिनमध्ये उतरतं. मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड आणि कॉइल यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. डिग्रीझर, म्हणजे तेलकट मळ काढणारं केमिकल, पाणी घालून पातळ करून ब्रशवर घ्यायचा, इंजिनवर फवारायचा नाही. कोपऱ्यांना जुना टूथब्रश. आणि वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. वेळ जातो, कंबर पण जाते. बॉनेटच्या आतल्या बाजूचं ते फेल्ट मात्र भिजवू नका, स्पंजसारखं पाणी धरून बसतं.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर पाण्यात खायचा सोडा कालवून घासली की निघते, पण आधी मायनसची वायर काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसल्या तर तिकडे हातच नाही घालायचा, त्यात जिवावर बेतेल इतका करंट असतो.

शेवटी ब्लोअरने सुकवून, पिशव्या काढून, इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो. प्लास्टिकला चमकवणारं ड्रेसिंग पण एकदा आणलं होतं, मजा येते खरी, पण ते बेल्टवर लागलं तर बेल्ट घसरतो आणि किंचाळतो, त्यामुळे अर्धी बाटली अजून तशीच पडून आहे.

पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात. सहज टॉर्च मारून बघितलं तर टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखाली, तेलाची बारीक ताजी रेघ, एवढे दिवस ती त्या काळ्या थरातच लपलेली. पॅकिंग कडक झालेलं होतं, बदलून घेतलं. तेव्हापासून दर रविवारी बॉनेट उघडून एकदा टॉर्च फिरवतो, घरचे विचारतात काय शोधतोयस, आता त्यांना काय सांगू.