ब्लॅकआउटमध्ये खून? १९०९ मध्ये?

लाइटवाल्यानं स्क्रिप्टमध्ये तोंड घालायचं नसतं, हा आपल्याकडचा अलिखित नियम, आणि मी तो एरवी पाळतोही, पण त्या रविवारी राहवलंच नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या ग्रुपनं रहस्यनाटक घेतलेलं. १९०९ सालचं नाशिक, एक काल्पनिक संगीत नाटक कंपनी, भर प्रयोगात मालकाचा खून आणि मग फौजदाराचा तपास. प्रयोग नाशकातल्या सायखेडकर नाट्यगृहात व्हायचा होता आणि त्या दिवशी टेक्निकल होती, म्हणजे नटांनी नुसतं उभं राहायचं आणि लाइट-म्युझिकवाल्यांनी डोकं लावायचं.

पहिल्या अंकाचा शेवट वाचला. थेटरात काळोख, किंकाळी, उजेड, मालक खुर्चीत मेलेला.

मी आमच्या दिग्दर्शिकेला म्हटलं, "ताई, काळोख कोणी केला?"

"तू. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, खाली घे, झालं."

"मी घेतो हो, पण १९०९ ला कोणी घेतला?"

ताई नुसत्या बघत राहिल्या. मग मला सांगावंच लागलं की बाबा, त्या काळी नाटक रॉकेलच्या दिव्यांवर नाहीतर गॅसबत्त्यांवर चालायचं, बत्ती एकदा विझवली की दोन सेकंदात परत लावता येत नाही, आणि अख्खं थेटर एकदम अंधारात टाकायचं तर प्रत्येक दिव्यापाशी एकेक माणूस उभा करावा लागेल, मग खुनी एकटा कसला, अख्खी कंपनीच कटात सामील! लेखक पोरगा हुशार आहे, पण अडून बसला, म्हणे ड्रामॅटिक लिबर्टी. आता मुंबईच्या लेखकानं म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं, पण नाशकात राहून असं म्हणतो म्हणजे काय?

आपल्याच गावात, विजयानंद थेटरात, २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. किर्लोस्कर कंपनीचं संगीत शारदा होतं, साहेबाची बदली झालेली, निरोपाचा खेळ. अनंत कान्हेरे हातात ब्राउनिंग पिस्तूल घेऊन गेला, त्याचं चुकलं तर साथीदार कर्वे आणि देशपांडे होतेच, असे तिघंही त्याच थेटरात. अंधाराची गरजच पडली नाही, साहेब कुठल्या संध्याकाळी कुठं सापडणार एवढं कळलं की बास. कान्हेरे जागेवरच पकडला गेला आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी झाली.

मग मी लेखकाला विचारलं, तुझा महिना कुठला? तर म्हणे डिसेंबर अखेर, थंडी दाखवता येते. अरे राजा, त्या आठवड्यात नाशकात कलेक्टरच्या खुनाची धरपकड चाललेली, फौजदाराला तुझ्या मालकाकडे बघायला वेळ तरी असेल का? इथं तो जरा गप्प झाला. शेवटी साल १९०८ केलं. थंडी तशीच राहिली.

पण खरी मजा पुढंच झाली. नाटकात संशय कंपनीतल्या स्त्री पार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणाऱ्या, नटावर आहे आणि त्याची बाजू अशी की खून झाला तेव्हा मी स्टेजवर पद म्हणत होतो, घड्याळात सव्वा अकरा. हार्मोनियमवाले काका तोवर कोपऱ्यात चहा पीत बसलेले, ते एकदम म्हणाले, "वन्स मोअर किती आले?"

कोणालाच उत्तर देता येईना. काकांनी पेटी ओढली आणि तेच पद आधी सरळ वाजवून दाखवलं, चारेक मिनिटांत आटोपलं. मग ताना-आलाप घेत, मधे थांबत, "आता पब्लिक ओरडलं" असं स्वतःच म्हणत परत मुखड्यावर येत असं लांबवलं की आमचा चहा थंड झाला तरी पद संपेना. म्हणाले, संगीत नाटक पहाटेपर्यंत चालायचं ते काय उगाच? पद कधी संपणार हे नटाच्या हातात नाही आणि मालकाच्याही नाही, पिटातल्या, म्हणजे स्टेजपुढं बसलेल्या, लोकांच्या हातात.

लेखकाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. तिथंच खाली बसून वहीत खरडायला लागला. खून आता रंगपटात, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीत, होतो, बत्त्या सगळ्या चालू, आणि पिटात पैसे देऊन बसवलेला एक माणूस वन्स मोअर वन्स मोअर ओरडत नटाला स्टेजवर अडकवून ठेवतो, कारण तो आत आला असता तर त्यानं खुनी बघितला असता. फौजदार शेवटी दिवे बघत नाही की घड्याळही बघत नाही, तो लोकांना विचारतो की पहिला कोण ओरडला. आधीच्या ब्लॅकआउटपेक्षा हे शंभर पटीनं बरं, असं माझं मत, आणि मी काही उगाच कौतुक करणाऱ्यातला नाही.

माझं काम मात्र वाढलं. ब्लॅकआउटचा क्यू गेला आणि त्या जागी दिव्यापुढं अंबर जेल, म्हणजे पिवळसर रंगाचा कागद, लावून बत्तीची हलकी थरथर आली, वर ताईंचा हट्ट की त्या सीनला प्रेक्षागृहातले दिवेही चालू हवेत. मी म्हटलं परीक्षक वैतागतील. म्हणाल्या, वैतागू देत.

प्रयोगाला आमचा माणूस पाचव्या रांगेत बसवलेला. पद संपलं, तो ओरडायला उठतोय तेवढ्यात मागून कोणीतरी आजोबा खणखणीत आवाजात "वन्स मोअर!" म्हणाले, आणि आमचा हा वेड्यासारखा अर्धवट उभा, बसावं की ओरडावं कळेना, काकांनी मात्र क्षणभरही न थांबता परत मुखडा धरला.