बरणी उलटी ठेवा, कोळी सुखात राहील

आपल्या साताऱ्या-सांगलीच्या घरांत खिडकीच्या गजावर जो बारका राखाडी कोळी अंगासकट वळून आपल्याकडे टक लावून बघतो, तो उडी मारणारा कोळी. बहुतेकदा प्लेक्सिपस नाहीतर मेनेमेरस या प्रजातीचा, जेमतेम सेंटिमीटरभर. शिकारीसाठी जाळं विणत नाही, त्यामुळे जळमटांचा त्रास नाही. पाळायला तो विकत आणायचीही गरज नाही. मात्र कासच्या पठारावरून काहीही उचलू नका.

लोणच्याची अर्धा लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बरणी पुरते. ती उलटी ठेवायची, झाकण खाली. कारण हा प्राणी झोपायला आणि कात टाकायला सगळ्यात उंच जागी रेशमाची पिशवी विणतो. झाकण वर असलं की उघडताना दर वेळी त्याचं घर फाटतं. तापवलेल्या सुईने समोरासमोरच्या भिंतींना बारीक भोकं पाडा; एकाच बाजूला पाडली तर हवा खेळत नाही. आत एक वाळकी काडी आडवीतिडवी टेकवा. एका बरणीत एकच कोळी. दोन ठेवलेत तर थोड्याच दिवसांत एकच उरतो.

उपाशी मरण्यापेक्षा तहानेने मरणारे जास्त. एक दिवसाआड भिंतीवर बारीक फवारा, पाच-सहा थेंब. पोट सुरकुतलं तर पाणी द्या, टम्म फुगलं तर खाणं थांबवा. पावसाळ्यात फवारा कमी, नाहीतर बुरशी. एप्रिल-मेत उन्हातली बरणी म्हणजे भट्टीच. सावलीत, पण उजेडात ठेवा, कारण तो डोळ्यांनी शिकार करतो.

खाऊ म्हणजे चिलटं. वेगळ्या बरणीत पिकलेलं केळं ठेवा, चिलटं बसली की तोंडाला मलमल. दहा-बारा दिवसांत पुढची पिढी उडते. सोडण्याआधी दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की सुस्तावतात. मोठ्या कोळ्याला दोन-तीन दिवसांनी एक घरमाशी. मुंगी नको. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागेच्या कडेचे किडे तर अजिबात नकोत. फवारणीचं विष त्यांच्यातून कोळ्यात उतरतं. खोलीत डासांचं लिक्विड किंवा कॉइलही नको.

पिशवीचं तोंड बंद करून आठवडाभर दिसला नाही तर तो बहुतेकदा मेलेला नसतो, कात टाकत असतो. हलवू नका, जिवंत किडा आत ठेवू नका. मऊ अंगाच्या कोळ्याला किडाच कुरतडतो. फवारा मात्र चालू.

बाहेरून धरलेली मोठी मादी बरेचदा आधीच गाभण असते. पिशवीतून बारकी पिल्लं बाहेर पडू लागली की बरणी जास्वंदीखाली उघडी करून ठेवा.